वाफसा कुणी मोजायचा?

आमच्या नातलगांत ऊसवाले ढीगभर. एकरी टनेज घसरलं की प्रत्येकाचा प्रश्न एकच: "यंदा कुठलं खत घालू?" मला आता या प्रश्नाचाच वैताग आलाय. अहो, जेवणाऱ्याचं नाक दाबून धरलंय आणि आपण ताटात आणखी एक लाडू वाढतोय!

काळी माती म्हणजे सोनं, हे कोल्हापुरात लहानपणापासून कानावर पडतं. पण ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. चांगल्या जमिनीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ हवी; त्यातली साधारण अर्धी पाण्याला, अर्धी हवेला. मुळांनाही श्वास लागतो राव! याला आपल्याकडे किती नेमका शब्द आहे: वाफसा. जुनी माणसं मुठीत माती दाबून सांगायची, आज कुळव घालायचा की नाही. आणि आपण? मोटर चालू करून झोपायला जातो. वर ओल्या रानात उसाच्या ट्रॉल्या घालून माती थापून काढतो.

सरकार २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका देतंय. तपासण्या १२. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, बोरॉन, सामू, सेंद्रिय कर्ब... पण पाणी किती वेगानं मुरतं, माती किती दबलीय, हे त्या १२त कुठंच नाही. मग पत्रिका घेऊन माणूस सरळ खताच्या दुकानात जाणार, दुसरं काय!

परिणाम शिरोळ तालुक्यात बघा. अतिपाण्यानं भूजल वर आलं, त्याबरोबर क्षार आले, रानं पांढरी पडली. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. नुसतं जिप्सम टाकून भागत नाही. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट लागते. तिथल्या दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला, तेव्हा पडीक रानांत पुन्हा पिकं उभी राहिली. आधी पाण्याला वाट, मग खत.

"पाइप परवडतात होय सगळ्यांना?" असं म्हणणारे काका आमच्याकडे आहेतच. नाही परवडत, मान्य. शिवाय पाणी बाहेर काढायला खालच्या रानाचा मालकही राजी लागतो, आणि बांधावरची भांडणं तुम्हाला ठाऊक आहेत. पण पाचट न जाळणं, ताग-धैंचा गाडणं, मागचं पाणी ओसरून वाफसा आल्याशिवाय पुढचं न सोडणं, याला कुठल्या सोसायटीचं कर्ज लागतं?

तेव्हा काका, पुढच्या वेळी फोनवर खत विचाराल, तर मी आधी खोऱ्यानं दोन फूट खड्डा काढायला लावणार आहे.