क्षार आणि क्षार

सेमाडोहच्या सिपनेकाठून घाट उतरून परतवाड्यास व तेथून खाली दर्यापूर-अकोटाकडे आले, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो, ज्याची व्यथा सरकारी दप्तरी बहुधा ‘क्षार’ या एकाच शब्दाखाली दाखल होते. परंतु सर्व क्षार एकाच स्वभावाचे नसतात, हे शेतकऱ्याला सांगणे अगत्याचे आहे.

क्षार ज्या आम्लापासून झाला, त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. हायड्रोक्लोरिक आम्ल प्रबळ. ते आपला प्रोटॉन इतक्या सर्वस्वी टाकते, की मागे उरलेल्या क्लोराइडला तो परत घेण्याची शक्तीच राहत नाही, म्हणून मिठाने पाणी खारट होते, अल्कधर्मी होत नाही. कार्बोनिक आम्ल दुर्बल. त्याचे बायकार्बोनेट पाण्याकडून प्रोटॉन काही अंशी ओढते, आणि कार्बोनेट तर त्याहून पुष्कळ जोराने. 25 अंश सेल्सिअसला आम्ल व त्याची संयुग्मी, म्हणजे प्रोटॉन टाकल्यावर मागे उरणारी, आम्लारी यांच्या स्थिरांकांचा गुणाकार 10⁻¹⁴ भरतो. मात्र दुर्बल आम्लामागे प्रबळ आम्लारी उरते, हा वर्गावर्गांतून रुजलेला समज खोटा आहे: ॲसिटिक आम्लाचा स्थिरांक 1.8×10⁻⁵, ॲसिटेटचा 5.6×10⁻¹⁰, दोन्ही दुर्बलच.

क्लोराइड आणि कार्बोनेट यांतला हा भेद केवळ परीक्षेपुरता नव्हे. निव्वळ खारट जमीन गोड्या पाण्याने व निचऱ्याने सुधारते. सोडियमने चिकटलेल्या चोपण जमिनीस जिप्समही लागते.

मेळघाटातील व वऱ्हाडातील शिक्षकांना माझी विनंती आहे, की हळदीचा कागद एकदा मिठाच्या व एकदा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून दाखवावा: पहिला पिवळाच राहील, दुसरा तांबडा होईल.