गरिबाच्या गाईचा अपराध कोणता?

दुष्काळी मुलखातील डोंगर उघडे पडले की त्याचा आळ ठरल्याप्रमाणे शेळीवर येतो. ही तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मोकाट शेळ्या फिरतात त्या रानात रोपटे जगत नाही. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी कसोशीने पाळली म्हणून तेथील डोंगर हिरवे झाले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या शहाणपणाला आमचा विरोध नाही. परंतु रान बंद करताना शेळीच्या दाव्याचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, याचा विचार आपण करणार की नाही?

ते टोक बहुधा भूमिहीन किंवा दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीच्या घरातील बाईच्या हाती असते. माण, आटपाडी, भूम, परांडा या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. तेथे म्हैस पोसणे परवडत नाही. शेळी मात्र बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर निभावून नेते. धाराशिवकडची काळी उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळे देते आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते होतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी, आजाऱ्याच्या औषधासाठी, पेरणीच्या बियाण्यासाठी सावकाराचे दार न ठोठावता एक बोकड विकता येतो. शहरातील माणसाची ठेव बँकेत असते, हिची दारात बांधलेली असते, इतकाच फरक! २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख आणि महाराष्ट्रात १ कोटीच्या वर शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी बहुसंख्य अशाच लहान घरांच्या आहेत.

सरकारची दृष्टी मात्र मोठ्या गोठ्यांवर खिळलेली दिसते. २०२१ साली सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळीपालनाचा लहानात लहान प्रकल्प १०० शेळ्या व ५ बोकडांचा ठरविण्यात आला. त्यास भांडवली खर्चाच्या निम्मे, १० लाख रुपयांपर्यंत अनुदान. ५०० शेळ्यांच्या प्रकल्पास ५० लाखांपर्यंत! उरलेले निम्मे भांडवल उभारू शकणारा मनुष्य गरीब नव्हे. राज्याच्या योजनेत १० शेळ्या व १ बोकड असा गट मिळतो, हे खरे. पण चाऱ्याची सोय नसलेल्या घरी दहा तोंडे एकदम आली, तर ती पुन्हा डोंगराकडेच धावणार, नव्हे काय?

तेव्हा उपाय चाऱ्यापासून सुरू झाला पाहिजे. ज्या गावाने रान राखले, त्याने तेथील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा. बांधावर शेवरी, सुबाभूळ लावावी आणि पाला कापून शेळीला दावणीवर घालावा. गावातील शेळ्यांची संख्या गावच्या चाऱ्याला पेलेल इतकीच असावी. ही मर्यादा शेळीवाल्या बायकांना ग्रामसभेत बसवून ठरवावी, त्यांच्यावर लादू नये. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचली गेलीच पाहिजे. पीपीआरची लस एकदा टोचली की सुमारे ३ वर्षे पुरते. एवढ्या स्वस्त उपायावाचून दारातील सारी पुंजी आठवड्यात मरावी, ही शरमेची गोष्ट आहे. गावातील बोकड वेळच्या वेळी बदलावा, नाहीतर वंश खुजा होतो. आणि बाजारात बोकडाचा सौदा व्यापाऱ्याच्या नजरेवर न होता काट्यावर व्हावा.

यांतील एकाही गोष्टीला कोट्यवधींचे प्रकल्प लागत नाहीत. डोंगर वाचलाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु डोंगर वाचविण्याची सारी किंमत ज्यांच्यापाशी एक गुंठा जमीन नाही त्यांच्याकडून वसूल करणे आणि हिरव्या झालेल्या पाणलोटाचा लाभ मात्र विहीरवाल्यांच्या पदरात टाकणे, याला ग्रामविकास म्हणता येणार नाही. गाव सुधारला याची ग्वाही आम्ही त्याच्या भरलेल्या विहिरींकडून घेणार नाही. ज्या बाईने गावासाठी आपल्या शेळ्या रानातून मागे घेतल्या, तिच्या दारी आज शेळी आहे की नाही, हे आम्ही प्रथम विचारू.