मानेतली सुई

रोडपालीतून सकाळी निघणारी माणसं पाहा: कुणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, कुणी तळोजा एमआयडीसीत, कुणी महामार्गानं मुंबईला. यांतल्या कितीतरी जणांची मान दुखते, कळ थेट बोटांपर्यंत उतरते. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली की असं होतं. ‘ऑपरेशन नको, एक इंजेक्शन घ्या’ असा सल्ला आता त्यांच्या कानावर येतो. म्हणून हा अंक.

या इंजेक्शनात सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बघत नसेजवळ स्टेरॉईड सोडतात. सूज उतरते, कळ कमी होते. गादी मात्र त्यामुळे जागेवर बसत नाही. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत-महिन्यांत औषधं आणि व्यायामानंच ओसरतं, हे आम्हाला आधी सांगावंसं वाटलं. इंजेक्शनचे गंभीर धोके विरळ, पण खरे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१४ मध्ये तसा इशारा दिला होता. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगाच. आणि हातातली ताकद जाऊ लागली, चाल डळमळली, तर एक दिवसही थांबू नका.

तुम्ही हे इंजेक्शन घेतलं असेल तर आम्हाला लिहा. आराम पडला का, पडला तर किती महिने टिकला, तेही कळवा.