लाथ मारीन तिथे कॉलेज

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा निरोप आला, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी आमचे शेजारी चेहरा पाडून घरी आले. हे गृहस्थ छत्तीस वर्षे बँकेत होते. जगातली कोणतीही गोष्ट जमा किंवा नावे या दोहोंपैकी एका बाजूला बसतेच, अशी त्यांची श्रद्धा. त्या दिवशी मात्र एक नोंद त्यांना कुठेच बसवता येत नव्हती.

"नातवाने कॉलेज निवडलंय," खुर्चीत बसत ते म्हणाले.

"अरे वा! मग पेढे कुठे आहेत?"

"पेढे कसले? कॉलेज इंजिनिअरिंगचं नाही, डॉक्टरीचं नाही. लिबरल आर्ट्सचं आहे म्हणे. म्हणजे पोरगा चित्रं काढणार की काय? आणि बोलावलंय कशासाठी, तर फुटबॉलसाठी! बरं, संघात याचं काम काय, तर नुसती लाथ मारायची!"

आतून आमची ही चहा घेऊन आली. "मग बिघडलं काय, भावजी? लाथ मारीन तिथे पाणी काढीन, असं आपल्यातच म्हणतात ना!" भावजी हसले नाहीत. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले.

हकीकत अशी. नातू न्यू जर्सीत बारावीला आहे. लहानपणापासून तो आपल्याकडचा, म्हणजे खरोखर पायाने खेळायचा फुटबॉल खेळत आला. पाय बरा पडतो म्हणून शाळेने त्याला अमेरिकन फुटबॉलच्या संघात घेतले. ते पाहून मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातल्या विल्यम्स कॉलेजच्या प्रशिक्षकांनी विचारले, आमच्याकडे अर्ज करतोस का? अर्ज नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाठवायचा, आणि एकदा या पद्धतीने अर्ज करून प्रवेश मिळाला की दुसरीकडे जायचे नाही, असा शब्द द्यायचा. खर्च वर्षाला 85,000 डॉलरांच्या वर. आजोबांची झोप उडाली ती इथे.

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की दुसऱ्याची काळजी अंगावर घेण्याची मला जुनी खोड आहे. आठ दिवस मी या विषयात डोके घातले. जे हाती लागले ते आजोबांना सांगितले, तेच तुम्हांलाही सांगतो. कारण परदेशी नातवंडे असलेले आजोबा आता गल्लीगल्लीत आहेत.

प्रथम ते लिबरल आर्ट्स. त्यात चित्रे काढत नाहीत. म्हणजे काढायची तर काढता येतात. चार वर्षांच्या अभ्यासात मुलगा भौतिकशास्त्र, इतिहास, गणित, काव्य असे सगळे चाखतो आणि साधारण दोन वर्षांनी आपला मुख्य विषय ठरवतो. अशी कॉलेजे मुद्दाम लहान ठेवलेली असतात. विल्यम्समध्ये सगळे मिळून दोन हजारांच्या थोडे वर विद्यार्थी. तिथे 'ट्युटोरियल' नावाचा एक प्रकार आहे: एक प्राध्यापक आणि दोनच विद्यार्थी. एका आठवड्याला एकाने निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्याच्या चुका काढायच्या. पुढच्या आठवड्याला उलट. मागच्या बाकावर डुलकी काढण्याची सोय नाही, कारण मागचा बाकच नाही!

आता फुटबॉल. या खेळाला फुटबॉल का म्हणतात, असे आपल्या माणसाला वाटणे साहजिक आहे. चेंडू अंडाकृती, आणि तो बहुतेक वेळ हातात किंवा काखेत. ज्यांनी हुतूतू पाहिला आहे त्यांनी असे समजावे: मैदान 100 यार्डांचे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण. चेंडू असलेल्या बाजूला चार चढाया मिळतात. चार चढायांत 10 यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार मिळतात. नाही तर चेंडू समोरच्यांचा. असे सरकत पलीकडच्या घरात पोचले की 6 गुण. मग दोन खांबांमधून चेंडू लाथेने उडवला की आणखी 1. आणि घरापर्यंत पोचणे जमत नसेल तर लांबूनच तो खांबांमधून उडवायचा, त्याचे 3. ही लाथ मारणारा गडी वेगळा असतो. सामनाभर तो कडेला उभा राहून पाय झटकत असतो. मग शेवटच्या मिनिटाला त्याला बोलावतात आणि सगळ्यांची अब्रू त्याच्या एका पायावर टाकतात. "म्हणजे ऑडिटच्या दिवशीच ज्याची आठवण होते तो कारकून," आजोबा म्हणाले. मला याहून चांगली उपमा सुचली नसती.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांचा फुटबॉल म्हणजे एक प्रचंड धंदा आहे. ओहायो स्टेटच्या मैदानात लाखाच्या वर माणूस बसतो. लहान कॉलेजांचे जग निराळे. ती 'तिसऱ्या विभागा'त मोडतात आणि त्या विभागाचा नियम असा, की खेळासाठी म्हणून एक डॉलरचीही शिष्यवृत्ती द्यायची नाही. मदत मिळते ती घरची ऐपत पाहून. विल्यम्सने 2022 पासून अशा मदतीतले कर्ज काढून टाकले. जे द्यायचे ते अनुदान म्हणूनच द्यायचे. हे ऐकताच आजोबांनी खिशातून पेन काढले.

विल्यम्स ज्या मंडळात खेळते ते 1971 साली स्थापन झाले. त्यात फुटबॉल खेळणारी दहा कॉलेजे: विल्यम्स, ॲमहर्स्ट, वेस्लियन, ट्रिनिटी, टफ्ट्स, मिडलबरी, हॅमिल्टन, बेट्स, बोडन आणि कोल्बी. 2017 पासून प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळतो, म्हणजे नऊ सामने. पूर्वी आठच होते. कित्येक दशके तर या संघांना राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचीही मुभा नव्हती. परीक्षा आधी, चेंडू नंतर! तेव्हा नातू गेलाच, तर त्याचा पहिला हंगाम असा असेल: पुढच्या ऑगस्टच्या अखेरीस सराव, सप्टेंबरच्या मध्यावर पहिला सामना, मग नऊ शनिवार. नव्या पोराला त्यातले बरेचसे बाकावर बसून काढावे लागतील. आणि शेवटचा सामना, आपल्या दिवाळीच्या मागेपुढे, ॲमहर्स्टशी.

या ॲमहर्स्टची कथा ऐकण्यासारखी आहे. 1821 साली विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर यांना वाटले, की हे डोंगरातले आडगाव काही कॉलेज चालवण्याची जागा नव्हे. म्हणून काही विद्यार्थी बरोबर घेऊन ते बाहेर पडले आणि ॲमहर्स्ट कॉलेज उभे राहिले. जाताना त्यांनी ग्रंथालयातली पुस्तकेही पळवली, असे विल्यम्सची मुले दोनशे वर्षे म्हणत आली आहेत. पण त्याला पुरावा नाही. संस्था फुटणे ही काही केवळ आपल्या पुण्याची मक्तेदारी नव्हे, हे वाचून मला बरे वाटले. 1884 पासून ही दोन भावंडे फुटबॉलच्या मैदानावर जुना हिशेब चुकता करीत आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना घरच्या मैदानावर जिंकला, की विल्यम्सचे खेळाडू मळक्या कपड्यांनिशी गात गात स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत न्हाव्याच्या दुकानापर्यंत जातात. गावात रस्ता असा हा एकच; त्यामुळे मिरवणूक चुकायची भीती नाही.

इतके गोड सांगून थांबलो असतो तर आजोबांनी मला चिवडाही दिला असता. पण नावेची बाजूही सांगणे भाग होते.

लहान कॉलेजात फुटबॉल ही महागडी वस्तू आहे, आणि ती डॉलरांत नव्हे तर जागांत महाग आहे. संघाला सुमारे पंचाहत्तर मुलगे लागतात. तीस-चाळीस हजारांच्या विद्यापीठात एवढी मुले कोणाच्या खिजगणतीत नसतात. पण जिथे मुलगे हजाराच्या आसपास, तिथे दर तेरा-चौदा मुलांमागे एक फुटबॉलवाला! त्याला दिलेली जागा दुसऱ्या कोणाची तरी गेलेली असते. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजाने हाच हिशेब मांडला. विद्यार्थी सुमारे चौदाशे आणि संघ वीसाच्या वर. सगळे संघ नीट चालवायचे तर प्रवेशाच्या फार जागा खेळाडूंसाठी धराव्या लागतील, असे म्हणून विश्वस्तांनी 2 डिसेंबर 2000 रोजी शतकाहून जुना फुटबॉल बंद केला. दुर्दैव असे, की लागोपाठ 28 पराभव पचवून तो संघ नुकताच कुठे उठून उभा राहत होता. माजी खेळाडू खवळले, आजी खेळाडू रडले. निर्णय फिरला नाही.

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात 2019 साली हंगामाचे तीन सामने झाले आणि धडधाकट खेळाडू उरले 28. पुढे खेळण्यात धोका आहे असे खेळाडूंनीच ठरवले, आणि कॉलेजाने उरलेला हंगाम रद्द केला. पुढे संघ पुन्हा उभा राहिला. ओहायोतल्या ओबर्लिनची तर आणखी मजा. 1921 साली या चिमुकल्या कॉलेजाने बलाढ्य ओहायो स्टेटला 7-6 असे हरवले. त्यानंतर ओहायोतल्या दुसऱ्या कोणत्याही कॉलेजाला ते साधलेले नाही. आणि हेच ओबर्लिन 1997 ते 2001 या काळात लागोपाठ 44 सामने हरले! तरी दर शनिवारी मुले शिरस्त्राण चढवून मैदानात उतरतच होती. तिथे ना पैसा, ना कीर्ती, ना उद्याची नोकरी. मग का खेळतात? मला वाटते, आपल्या वाडीतली पोरे गणपतीत नाटक बसवतात ना, त्याच कारणासाठी. प्रेक्षक ओळखीचे असतात आणि शेजारचा गडी आपला मित्र असतो.

"आणि डोक्याला लागतं त्याचं काय?" हा प्रश्न दारात उभ्या राहिलेल्या आजींचा. इतका वेळ त्या बोलल्या नव्हत्या.

प्रश्न खरा होता. 1905 साली या खेळात इतकी मुले दगावली, की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. 1906 साली नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. पण दुखणे गेले नाही, आत दडले. 2017 साली बोस्टनच्या संशोधकांनी मृत खेळाडूंच्या दान मिळालेल्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. व्यावसायिक खेळाडूंच्या 111 मेंदूंपैकी 110 मध्ये, आणि कॉलेजपर्यंत खेळलेल्यांच्या 53 पैकी 48 मध्ये वारंवार बसलेल्या धक्क्यांचा आजार आढळला. हे मेंदू बहुतेक, शंका आली म्हणूनच घरच्यांनी दिलेले होते. त्यावरून प्रत्येक खेळाडूचे तसेच होते असे नव्हे. लाथ मारणाऱ्या गड्याला टकरा पुष्कळच कमी. कमी, पण शून्य नाहीत. मी हे सगळे आजींना जसेच्या तसे सांगितले. म्हाताऱ्या माणसांशी खोटे बोलून काही साधत नाही. त्यांनी आपल्याहून जास्त पाहिलेले असते.

वातावरण जड झाले. तेव्हा मी शेवटची चीज बाहेर काढली. "अहो, या कॉलेजाचे आपल्यावर जुने देणे आहे," मी म्हणालो. 1808 साली विल्यम्समधून पदवी घेतलेला गॉर्डन हॉल नावाचा तरुण 1813 साली मुंबईस उतरला. तो मराठी शिकला, त्याने शाळा काढल्या, आणि 1826 साली नाशिकजवळ पटकीने गेला. त्याने साथीदारांसह ज्याचा पाया घातला ते अमेरिकन मराठी मिशन. या मिशनने 1824 साली मुंबईत मुलींची शाळा काढली. आणि याच मिशनच्या मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. धर्मप्रसार हा त्या मंडळींचा हेतू होता, हे खरेच. पण मुलींच्या हाती पाटी आली, हेही खरे.

आजी म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा पोरगा दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आला, आता आपला तिकडे जातोय." आजोबांनी पेन खिशात ठेवले.

पण मी काही हो म्हणा, असे सांगितले नाही. इतकेच म्हणालो, की नातवाला एकच प्रश्न विचारा: पहिल्याच दिवशी पाय मोडला आणि पुन्हा कधी खेळता आले नाही, तरी या कॉलेजात चार वर्षे आनंदाने राहशील का? उत्तर हो असेल तर अर्ज करू दे. नसेल तर तो कॉलेज निवडत नाही, नुसते मैदान निवडतो आहे. आणि मैदाने उद्या बंद होऊ शकतात, हे स्वार्थमोरने दाखवलेच आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री फोन झाला. आजोबांनी प्रश्न विचारला. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, मी तिथे एका वर्गात बसून आलोय. दोन मुलं आणि एक सर. एकजण वाचत होता आणि दुसरा त्याला खोडून काढत होता. शेवटी दोघंही हसले. मला ती खोली मैदानापेक्षा जास्त आठवते."

अर्ज जाणार आहे. प्रवेश मिळेल की नाही ते डिसेंबरात कळेल. तोवर नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री, तिकडे दुपार असते तेव्हा, विल्यम्स-ॲमहर्स्टचा सामना संगणकावर पाहण्याचे आम्हां चौघांना आमंत्रण आहे. आजोबांनी वहीत नियम उतरवून घेतले आहेत. आजींनी चिवडा राखून ठेवला आहे. त्यांची फक्त एकच अट आहे: टक्कर होईल तेव्हा कोणीतरी त्यांना आधी सांगायचे, म्हणजे त्या डोळे मिटून घेतील.