ब्रेकवर पाय कुणाचा?

मोठ्या मुलाचं लायसन्स नुकतंच आलं होतं. ईदच्या खरेदीसाठी आम्ही अमरावतीला गेलो आणि परतताना त्याने हट्टाने चावी घेतली. वलगाव सुटेपर्यंत गाडी ठीक चालली. आसेगावच्या पुढे मात्र ती जड झाली. ॲक्सिलरेटर सोडला की घरंगळायच्या ऐवजी जागीच रुतल्यासारखी व्हायची. काच खाली केली तर जळका वास.

"पाय ब्रेकवरच ठेवून चालवतोस तू," मी त्याच्या आईसमोर, बहिणींसमोर बोललो. "नाही अब्बू, ठेवला नाही," एवढंच तो म्हणाला.

कडेला थांबलो. असरची नमाज झाली, पाऊण तास गेला. मग मी स्टिअरिंगवर बसलो आणि गाडी सरळ, हलकी अशी परतवाड्याला आली. माझी खात्री पटली. मुलगा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडी पाहिली, पुढचे ब्रेक पॅड बदलले, पैसे घेतले. आठवड्याने पुन्हा तेच झालं, आणि या वेळी गाडीत मी एकटाच होतो.

शेवटी एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. ते चाकांकडे वळलेच नाहीत. "थंडी गाडी आनसान तं मले काय दिसन, सर? अटकली की उभी करा अन् फोन करा, मीच येतो." दुसरा प्रश्न त्यांनी विचारला, "हे सुरू व्हायच्या आधी काय काम केलं होतं?" पंधरवड्यापूर्वी ब्रेकचा बूस्टर बदलला होता. मला ते सांगायचं सुचलंही नव्हतं.

मी भाषेचा शिक्षक. पास्कलचा नियम मी शेजारच्या वर्गातून कानावर पडला तेवढाच ऐकलेला. पण उस्तादांनी सांगितलं ते लगेच कळलं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल चाकांकडे ढकलतो. पाय काढला की ते ऑइल एका बारीक छिद्रातून वरच्या डबीत परत जातं. ते छिद्र झाकलेलं राहिलं, तर तापून फुगलेल्या ऑइलला वाट उरत नाही. ते पॅडलाच दाबतं. पॅड घासल्याने उष्णता वाढते, उष्णतेने ऑइल आणखी फुगतं. गाडी निवली की दाब उतरतो आणि चाक मोकळं होतं. म्हणजे माझ्या मुलाला दोषी ठरवणारी गोष्ट पाऊण तासाची विश्रांती होती.

तिसऱ्यांदा गाडी अटकली ती गावाजवळच. उस्ताद आले. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड दिला. पुढची दोन्ही चाकं हाताने फिरेनात. एकच चाक अटकलं असतं तर त्यांनी त्या चाकापासून सुरुवात केली असती. दोन्ही म्हटल्यावर ते वर गेले. मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट ढिले करून त्यांनी सिलिंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढला. चाकं मोकळी! बूस्टरची दांडी जरा लांब बसली होती, म्हणून पाय काढल्यावरही सिलिंडर थोडा दाबलेलाच राहत होता. एकही नवा भाग लागला नाही.

तेवढ्याने चाक सुटलं नसतं तर? त्यांनी पुढचा क्रमही सांगितला. आधी सिलिंडरपाशी पाइप किंचित ढिला करायचा. चाक सुटलं तर दोष सिलिंडरात. नाही सुटलं तर चाकाजवळचा ब्लीडिंग निपल उघडायचा. ऑइल जोरात उडून चाक सुटलं तर बहुधा रबरी नळी आतून फुगलेली असते, ती ऑइल जाऊ देते पण परत येऊ देत नाही. तरीही चाक अटकलेलंच असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकपिना गंजल्या आहेत. मागच्या चाकाला हँडब्रेकची केबलही पाहायची. हे काम घरी करायचं नाही. पाइप उघडला की आत शिरलेली हवा काढावीच लागते. मात्र "कॅलिपर बदलू" असं कुणी म्हणालं, तर निपल उघडून पाहिला का, एवढं आपण विचारू शकतो.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं, कारण पाहुणे आले की चिखलदरा ठरलेला. सुमारे १,१०० मीटर उंचीवरून भरल्या गाडीने उतरायचं. ब्रेक अटकत असेल तर ऑइल उकळू शकतं, आणि मग अटकणारा ब्रेक लागेनासाच होतो. पेडल मऊ पडून खाली जातं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, ओलावा शोषलेलं मात्र १४० च्या आसपास उकळू शकतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, आणि त्या डबीत इंजिन ऑइल चुकूनही ओतायचं नाही, सगळी रबरं फुगतात. वास आला तर सुरक्षित जागी थांबा, सगळ्यांना उतरवा, चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

मुलाची माफी मी जेवताना मागितली, सगळ्यांसमोर, कारण बोललोही सगळ्यांसमोरच होतो. तो म्हणाला, "मग रविवारी चिखलदऱ्याला मी चालवू?"

घाट तो दुसऱ्या गिअरवर उतरला. धामणगाव गढीला थांबून खाली उतरला, चारही चाकांजवळ हात धरून पाहिला, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा गाडीत बसला.