परक्यासाठी पेटणारा दिवा

मोटारीवरील बहुतेक साधने मालकाच्या स्वतःच्या उपयोगाची असतात. पुढचे दिवे त्याला रस्ता दाखवितात, वायपर त्याच्या समोरची काच पुसतो, हॉर्न त्याची वाट मोकळी करतो. ब्रेकचा तांबडा दिवा मात्र या यादीत बसत नाही. त्याचे पैसे मालक मोजतो, पण तो पेटलेला मालकाला कधी दिसत नाही. पायाने ब्रेक दाबला की तो मागे उजळतो आणि मागून येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला सावध करतो. तो विझला तरी मालकाचे काहीच अडत नाही. मोटार तशीच धावते, ब्रेकही तसाच लागतो. आपल्या रस्त्यांवर एक डोळा मिटलेल्या मोटारी इतक्या संख्येने हिंडताना दिसतात, याचे मुख्य कारण हेच होय.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात, एकाच्या कृतीचा भार दुसऱ्यावर पडत असेल तर बाजाराचा हिशेब चुकतो, हे विस्ताराने मांडले. कारखान्याचा धूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. विझलेला ब्रेकचा दिवा हे तितकेच चपखल उदाहरण आहे. मागून धडक बसलीच तर मालकाचेही नुकसान होते, हे खरे. परंतु तो धोका त्याला दूरचा वाटतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या दृष्टीने तोच धोका चार हातांवर असतो.

दंडाची मर्यादा

अशा प्रसंगी सुचणारा पहिला उपाय म्हणजे दंड. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा आणि त्याखालील १९८९ चे केंद्रीय नियमही तेव्हापासूनचे आहेत. ब्रेकचा दिवा असणे आणि तो चालू असणे कायद्याने बंधनकारक आहे. तरीही दंडाने हा प्रश्न सुटत नाही, कारण येथे गुन्हेगाराला बहुधा आपला गुन्हाच ठाऊक नसतो. अनेक मोटारींत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. ५ वॅटची तार रात्री सतत जळणाऱ्या दिव्यासाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. जाड तार तुटली आणि बारीक शाबूत राहिली, तर रात्री मागे तांबडा प्रकाश दिसतोच. मालकाचे समाधान होते. मागच्याला मात्र तो प्रकाश ऐन वेळी वाढलेला दिसत नाही, आणि पुढची मोटार थांबत आहे हे त्याला कळते ते अंतर संपल्यावर.

समजल्यानंतरही दुरुस्ती लांबते, यामागेही हिशेब आहे. साधा बल्ब काही रुपयांत मिळतो. पण त्यासाठी गॅरेजची वाट धरावयाची, मेकॅनिकला सवड होईपर्यंत थांबावयाचे, प्रसंगी अर्ध्या दिवसाची रजा टाकावयाची, म्हणजे बल्बच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च वेळेच्या रूपाने होतो. नोकरदार माणूस ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ असे म्हणतो, आणि ती सर्व्हिसिंग सहा महिन्यांनी येते. म्हणजे दिव्याची खरी किंमत बल्बची नसून वेळेची आहे. ही किंमत खाली आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग एकच आहे : मालकाने तो घरी बदलावा.

दहा मिनिटांचे काम

हे काम अवघड नाही. मोटार सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, किल्ली काढावी व दिवा निवू द्यावा. पुष्कळ मोटारींत डिकी उघडली की आतल्या अस्तरामागे किंवा एखाद्या छोट्या झाकणामागे दिव्याची पाठ दिसते. काहींत दोन स्क्रू काढून दिव्याचा संपूर्ण संच बाहेर घ्यावा लागतो. होल्डर थोडा डावीकडे फिरविला की सुटतो. बल्ब किंचित आत दाबून डावीकडे वळविला की तोही हाती येतो. दोन तारांच्या बल्बच्या बुडाशी असलेल्या दोन खुंट्या कमीअधिक उंचीवर असतात. त्यामुळे तो उलटा बसतच नाही. जुन्या बल्बवरचा क्रमांक पाहून तोच नवा घ्यावा आणि स्वच्छ फडक्यात धरून बसवावा. मग कुणालातरी मागे उभे करून ब्रेक दाबून पाहावा. घरात दुसरे माणूस नसेल तर अंधार पडल्यावर भिंतीकडे पाठ करून मोटार उभी केली तरी भिंतीवरची तांबडी छटा आरशात दिसते. नवा बल्बही पेटला नाही तर होल्डर गंजला आहे का ते पाहावे. एकाच वेळी सगळे ब्रेकचे दिवे गेले असतील तर दोष बहुधा फ्यूजचा किंवा पेडलजवळच्या स्विचचा असतो. तेथून पुढे मेकॅनिकचे क्षेत्र सुरू होते.

हातातून निसटणारी दुरुस्ती

परंतु मालकाच्या हातातील हे दहा मिनिटांचे कामही आता निसटू लागले आहे. नव्या अनेक मोटारींत बल्बऐवजी एलईडी असतात व संपूर्ण दिवा एकसंध बंदिस्त असतो. या दिव्यांचे गुण नाकारता येणार नाहीत. ते दीर्घकाळ टिकतात आणि साध्या बल्बपेक्षा सुमारे दोन दशांश सेकंद आधी उजळतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एवढ्या अवधीत ५ मीटर पुढे सरकते. तेवढे अंतर एखाद्याचा प्राण वाचविण्यास पुरेसे ठरू शकते. पण असा दिवा बिघडला की पन्नास रुपयांचे काम हजारोंचे होते, आणि हजारोंचे झाले की ते टळते. सुट्या भागांच्या या कोंडीची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली घेतली होती. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. या हक्काकडे आजवर ग्राहकाच्या खिशाच्या बाजूने पाहिले गेले. ब्रेकच्या दिव्यापुरता तरी तो मागून येणाऱ्याच्या जिवाचाही हक्क आहे.

दिव्याचे महत्त्व अवास्तव फुगविण्याचेही कारण नाही. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना मागच्या काचेजवळ तिसरा ब्रेकचा दिवा सक्तीचा झाला. सुरुवातीच्या प्रयोगांवरून धडका निम्म्याने घटतील अशी आशा होती. १९९८ च्या सरकारी मूल्यमापनात दीर्घकालीन घट ४.३ टक्के भरली. आशेच्या मानाने आकडा लहान आहे. पण इतक्या स्वस्त साधनाने इतके साधावे, ही गोष्ट लहान नव्हे.

तपासणीचे एक ठिकाण

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. तोवर तिचे दिवे तपासण्यासाठी ती कोणत्याही सरकारी अधिकाऱ्यासमोर नियमितपणे उभी राहत नाही. मात्र धुराच्या पी.यू.सी. तपासणीसाठी तिला ठराविक मुदतीने केंद्रावर जावेच लागते. धूर आणि दिवा, दोन्हींची झळ परक्यालाच लागते. मग एकाची तपासणी आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष का? त्याच केंद्रावर चालकाला ब्रेक दाबावयास सांगून मागे पाहण्यास अर्धा मिनिटही लागणार नाही. तेथेच नेहमीचे चार प्रकारचे बल्ब विक्रीस ठेवले, तर दंडाची गरजच उरणार नाही. कंपन्यांवर मात्र दोन बंधने हवीत : दिवा साध्या हत्यारांनी निघाला पाहिजे आणि त्याचा सुटा भाग खुल्या बाजारात मिळाला पाहिजे.

ऊसगाळपाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांवर दुचाकीस्वार आदळल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात आणि त्या वाचून सुशिक्षित मोटारमालक हळहळतो. त्या हळहळीला अर्थ यावयाचा असेल, तर त्याने आपल्या मोटारीच्या मागे जाऊन, कुणालातरी ब्रेक दाबावयास सांगून, एकदा स्वतः पाहिले पाहिजे.