टोकन नको, हिस्सा हवा

एनएफटीचा बाजार बसला याचे आम्हाला दुःख नाही. संताप याचा आहे की तो बसल्यावरही आमच्या चित्रकार मुलांना "भाव पडलेत, हीच शिरायची वेळ" असे सांगणारे मार्गदर्शक भेटतात. ब्लॉकचेन आडनाव विचारत नाही, गॅलरीवाल्या सवर्णाच्या दारात ताटकळावे लागत नाही, चित्र दहा वेळा विकले गेले तरी दर वेळी चित्रकाराला वाटा मिळतो, असा यांचा प्रचार. कहर म्हणजे त्यात बाबासाहेबांनाही ओढतात. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये त्यांनी सरकारच्या मनमानी चलननिर्मितीला विरोध केला, म्हणून ते क्रिप्टोचे आद्य समर्थक!

१९२३ चा तो ग्रंथ यांनी उघडून तरी पाहिला आहे का? रुपयाची किंमत घसरली की मजुरी महागाईच्या मागे पडते आणि मालकाचा फायदा मजुराच्या ताटातून जातो, हे बाबासाहेबांनी त्यात दाखवले. चलनावर मर्यादा हवी ती किमती स्थिर राहाव्यात म्हणून. ईथर, ज्यात बहुतेक क्रिप्टो कला विकली जाते, नोव्हेंबर २०२१ मध्ये ४,८०० डॉलरच्या वर होते आणि जून २०२२ मध्ये हजाराच्या खाली आले. सात महिन्यांत एवढे कोसळणाऱ्या नाण्याला बाबासाहेबांचा दाखला देणे हा शुद्ध खोडसाळपणा आहे.

आता समतेचा दावा. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या अमेरिकन चित्रकाराची डिजिटल कलाकृती ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेली. घेणारे विघ्नेश सुंदरेशन मूळचे तमिळनाडूचे. भारतीय आणि गोरे नसलेले लोकही कलेचे आश्रयदाते होऊ शकतात हे दाखवायचे होते, क्रिप्टो सर्वांना एका पातळीवर आणते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने लिहिले. आश्रयदाता बदलला, हे खरे. पण चित्रकार आश्रितच राहिला, त्याचे काय? आणि आडनाव न विचारणाऱ्या या बाजाराने रंग मात्र पाहिला. क्रिप्टोपंक्स ही २०१७ ची दहा हजार चेहऱ्यांची मालिका. २०२१ च्या अखेरीस ब्लूमबर्गने तिच्या विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा काळ्या चेहऱ्यांना गोऱ्यांपेक्षा आणि बायकांना पुरुषांपेक्षा कमी भाव मिळत असल्याचे दिसले. चेहरे संगणकाने काढलेले, खरेदीदार निनावी, तरीही उतरंड तीच.

टोकन म्हणजे नोंदवहीतली एक ओळ. ते विकत घेतल्याने चित्राचा कॉपीराइट मिळत नाही, आणि ते काढणारा चित्रकारच असेल याचीही खात्री नाही. ओपनसी या सर्वात मोठ्या बाजाराने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच सांगितले की त्यांच्या फुकट साधनातून तयार झालेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक चोरीच्या, बनावट किंवा कचरा होत्या. ज्या तंत्राने मूळ निर्माता सिद्ध होणार होता, त्याचा हा हिशेब! जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या ट्वीटचे टोकन २९ लाख डॉलरला घेणाऱ्याने एप्रिल २०२२ मध्ये ते पुन्हा लिलावात काढले, तर मुदतीत ३०० डॉलरचीही बोली आली नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून अशा विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. तोटा मात्र दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. कर्ज काढून शिरणाऱ्या मुलाने एवढे तरी पाहावे.

कला म्हणून यात काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. संगणकाला नियम देऊन चित्र घडवणे ही खरी कला आहे. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०२३ मध्ये अशा कलाकृती संग्रहात घेतल्या. ती टिकेल. गॅलऱ्यांची वकिलीही आम्हाला करायची नाही. त्यांनी आमच्या चित्रकारांना किती भिंती दिल्या ते सर्वांना ठाऊक आहे.

आमचे भांडण पुनर्विक्रीच्या वाट्याबद्दल आहे, कारण मुले भुलली ती त्याला. हा वाटा तंत्रज्ञानात कोरलेला आहे, कोणी काढून घेऊ शकत नाही, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात तो देणे बाजार चालवणाऱ्यांच्या मर्जीवर होते. ब्लरसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी सट्टेबाजांना ओढण्यासाठी तो कापला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसीनेही सक्ती मागे घेत असल्याचे जाहीर केले. चित्रकारांना कोणी विचारले नाही. विचारणार तरी कोणाला? त्यांची संघटना नव्हती, कायदा नव्हता.

पण भारतात कायदा आहे! कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आले. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर निर्मात्याला किंवा त्याच्या वारसाला हिस्सा मागता येतो, कमाल दहा टक्के. कॉपीराइट विकून टाकला असला तरीही. एनएफटीच्या लाटेआधी सत्तावीस वर्षे हा हक्क कागदावर आला आणि तिथेच पडून राहिला. ब्लॉकचेनची कार्यशाळा घेणाऱ्यांपैकी किती जण हे कलम शिकवतात?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ५३अ ची अंमलबजावणी करणारी यंत्रणा उभी करा आणि डिजिटल कलाकृतीचा त्यात स्पष्ट शब्दांत समावेश करा. तोवर चित्रकारांनी विक्रीच्या पावतीवर पुनर्विक्रीचा हिस्सा लिहून घ्यावा. चित्राची कॉपीराइट नोंदणी पाचशे रुपये शुल्कात होते, ती करावी. आणि आपल्या संघटनांनी येत्या ६ डिसेंबरला दादरच्या स्टॉलवर बाबासाहेबांचे पोस्टर लावताना ते कोणी काढले त्याचे नाव खाली छापावे, आणि किती प्रती छापल्या ते त्याला सांगून त्याचे पैसे द्यावेत.